मात्रा मोजून महाभारत लिहिणारे बारामतीचे मोरोपंत, त्यांची आर्या शाळेतल्या पोरालाही जमू शकते

बारामती म्हटलं की लोकांना काय आठवतं? राजकारण, साखर कारखाने, ऊस, द्राक्षं आणि एमआयडीसी. पण या गावाची सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ओळख वेगळी होती. तेव्हा बारामतीचं नाव निघालं की पाठोपाठ एका कवीचं नाव यायचं, मोरोपंत.

मराठीत एक जुना श्लोक आहे, त्यात कोणत्या कवीचं काय भारी याची यादीच दिलीय. श्लोक वामनाचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानेश्वरांची आणि आर्या मोरोपंतांची, असा त्याचा अर्थ. थोडक्यात काय, तर ज्ञानेश्वर आणि तुकारामांच्या ओळीत लोकांनी बारामतीच्या या माणसाला नेऊन बसवलं होतं.

पण आज आर्या म्हणजे काय, असं विचारलं तर शंभरातले नव्वद जण डोकं खाजवतील. मोरोपंतांबद्दल एक समज मात्र पक्का आहे. अवघड कवी, संस्कृत शब्दांचा मारा, शब्दांचे खेळ, म्हणजे पोरांच्या कामाचं काही नाही. यातली पहिली दोन विधानं बरीचशी खरी आहेत. शेवटचं मात्र तपासून बघायला पाहिजे, कारण पोरांना कविता करायला शिकवायची असेल तर मोरोपंतांची पद्धत आजही कामाची आहे.

पन्हाळ्यावरून बारामतीत

मोरोपंतांचं आडनाव पराडकर. वडिलांचं नाव रामजीपंत. घराणं मूळचं कोकणातलं, पण मोरोपंतांचा जन्म झाला पन्हाळ्यावर, 1729 साली. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोन पंडित भावांकडे त्यांचं शिक्षण झालं. शिकले काय, तर व्याकरण, अलंकार आणि संस्कृत काव्य.

तेव्हाच्या शिक्षणाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. काव्य हा त्या काळात 'आतून येतं तेव्हा येतं' असा विषय नव्हता. ती एक विद्या होती. गणित शिकावं तसं छंदशास्त्र शिकायचं. कोणतं अक्षर लघु, कोणतं गुरू, कोणत्या वृत्तात कुठे थांबायचं, हे आधी कानात आणि बोटांवर बसवायचं. कविता त्यानंतर. मोरोपंत या शाळेतून तयार झाले आणि आयुष्यभर त्याच शाळेचे राहिले.

ऐन तारुण्यात, म्हणजे साधारण विशी ओलांडल्यावर ते बारामतीला आले. तिथे त्यांना आश्रय दिला बाबूजी नाईकांनी.

बाबूजी नाईक हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. मोठे सावकार आणि सरदार. त्यांच्या भावाशी, आबाजी नाईकांशी, थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचं म्हणजे भिऊबाईंचं लग्न झालेलं. म्हणजे पेशव्यांचे सोयरे. पण सोयरे असून पेशव्यांशी त्यांचं कधी फार जमलं नाही. 1740 साली थोरले बाजीराव गेले, तेव्हा पेशवेपद बाबूजी नाईकांना मिळावं म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी जोर लावला होता. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. बाबूजींचं पेशवेपद हुकलं, पण बारामतीत कऱ्हा नदीच्या काठी त्यांचा दरारा कायम राहिला. त्यांचा तिथला भुईकोट आणि वाडा बारामतीकरांना आजही माहितीय.

याच नाईकांच्या पदरी मोरोपंत पुराणिक झाले. काम ठरलेलं. पुराण सांगायचं, अर्थ उलगडायचा. नोकरी स्थिर, धनी श्रीमंत, गाव शांत. पानिपत झालं, माधवराव पेशवे आले आणि गेले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचं कारस्थान झालं. पुण्यात एवढा गदारोळ चालू असताना मोरोपंत बारामतीत बसून मात्रा मोजत होते.

आता ही मात्रा मोजायची भानगड काय ते बघू.

बारामती, इंदापूर आणि मोरोपंत, तिघांच्या मात्रा सात

ओवीत अक्षरं काटेकोर मोजत नाहीत. जात्यावरच्या बाया ओवी रचायच्या ती गळ्याच्या चालीवर. अभंगात अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन तुकड्यांत सहा-सहा आणि शेवटच्या तुकड्यात चार, तर छोट्या अभंगात आठ-आठ. अक्षर छोटं की मोठं, त्याला तिथे महत्त्व नाही.

आर्येत अक्षरं मोजत नाहीत, तर मात्रा मोजतात. मात्रा म्हणजे अक्षर म्हणायला लागणारा वेळ. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन. अनुस्वार असेल तर दोन. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात आधीच्या अक्षरावर पडला, तर त्या आधीच्या अक्षराच्याही दोन. म्हणजे 'सत्य' म्हणताना 'स'वर जोर येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. 'कऱ्हा' म्हणताना मात्र 'क'वर जोर येत नाही, म्हणून त्याची एकच. नियम पाठ नसला तरी चालतो, शब्द मोठ्याने म्हणून बघायचा. कान बरोबर सांगतो.

आता 'बारामती' मोजा. बा दोन, रा दोन, म एक, ती दोन. सात मात्रा.

'इंदापूर'. इं दोन, दा दोन, पू दोन, र एक. पुन्हा सात.

आणि 'मोरोपंत'? मो दोन, रो दोन, पं दोन, त एक. तेही सातच.

पोरांना हा खेळ दिला की वर्गात काय होतं याची कल्पना करा. आधी प्रत्येक जण स्वतःचं नाव मोजणार. मग शेजाऱ्याचं. मग गावाचं. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. कविता हा शब्द अजून कोणी उच्चारलेलाही नाही आणि कवितेचं निम्मं काम झालेलं असतं.

पुढची पायरी म्हणजे आर्येचा साचा. शास्त्रातली मूळ आर्या चार तुकड्यांची, मात्रा 12, 18, 12 आणि 15. मोरोपंतांनी बहुतेक रचना केली ती 12, 18, 12, 18 या मापात. शास्त्रात याला गीती म्हणतात, पण मराठी माणसाने मोरोपंतांमुळे तिलाच आर्या म्हणायला सुरुवात केली.

या मात्रा चार-चारच्या गटांत पडतात. पहिल्या तुकड्यात तीन गट. दुसऱ्यात चार गट आणि शेवटी एक दीर्घ अक्षर. म्हणजे अख्ख्या ओळीत सात गट आणि वर दोन मात्रा, एकूण 30.

सात मात्रांची 'बारामती' चाराच्या गटात बसत नाही, एक मात्रा कमी पडते. मग करायचं काय? 'बारामतीत' म्हणायचं. झाल्या आठ. 'इंदापूर'चं 'इंदापुरात' करायचं, पूचा पु होतो आणि तिथेही आठ. शब्द तोच, प्रत्यय बदलला आणि जागा जमली. व्याकरणाच्या तासाला जो प्रत्यय पोरांना नकोसा वाटतो, तो इथे उपयोगाला येतो.

नमुना म्हणून आर्येची ही अर्धी बाजू बघा, बारामतीच्या एखाद्या पोराने लिहिली असावी अशी:

बारामतीत वाहे, उन्हात सुकते, कऱ्हा नदी माझी

बारा, मतीत, वाहे. झाल्या 12. उन्हात, सुकते, कऱ्हा न, दी मा, झी. झाल्या 18. यात कुठे संस्कृत नाही, देव नाही की अवघड शब्द नाही.

इंदापूरचं पोरगं याच मापात वेगळं काही म्हणेल. तुकोबांची पालखी दर आषाढीच्या आधी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. त्यामुळे त्याच्या डोक्यात वारी असणार:

इंदापुरात येते, ढगांस घेउन, भिजून ती वारी

यात 'घेऊन'चा 'घेउन' केलाय ते मुद्दाम. मात्रा जुळवायला ऱ्हस्व-दीर्घाची एवढी सूट जुने कवी घ्यायचे. दोन्ही आर्यांची दुसरी बाजू वाचणाऱ्याने पूर्ण करावी. माप तेच, 12 आणि 18, आणि शेवटी यमक.

कवीच्या नावालाच बंदी

आर्येत अजून एक बारीक नियम आहे. ऱ्हस्व-दीर्घ-ऱ्हस्व असा गट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागी चालत नाही. दुसऱ्या-चौथ्या जागी चालतो. सहाव्या जागी तर एक तो हवा, नाहीतर चारही ऱ्हस्व हवेत. 'बारामतीत'मधला 'मतीत' बघा, दुसऱ्या जागी आहे म्हणून चालला. 'कऱ्हा न' सहाव्या जागी आहे, तोही बरोबर.

आता गंमत अशी की मोरोपंत स्वतःला 'मयूर' म्हणवून घ्यायचे. मोर म्हणजे मयूर, साधा हिशोब. आणि 'मयूर' हा शब्द आहे ऱ्हस्व-दीर्घ-ऱ्हस्व! म्हणजे ज्या आर्येने नाव दिलं, तिच्या ओळीची सुरुवात कवीला स्वतःच्या नावाने करता येत नाही. नाव आणायचंच असेल तर दोन-चार मात्रा थांबून.

असे अडथळे मोरोपंतांना अडथळे वाटतच नसावेत, कारण नियम कमी पडले की ते स्वतः नवीन तयार करायचे. त्यांनी रामायण एकदा नाही, अनेकदा लिहिलं. परंपरा 108 रामायणं सांगते. त्यातली सगळी आज हाती नाहीत, पण जी आहेत त्यांतल्या बऱ्याच रामायणांना वेगळी अट आहे.

निरोष्ठ रामायण घ्या. अट अशी की ओठ एकमेकांना लागता कामा नयेत. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता रामाची गोष्ट सांगायची आणि 'म' बाद, म्हणजे 'राम' हे नावच घ्यायचं नाही! कवीला स्वतःचं नावही घेता येणार नाही आणि बारामतीचंही. मंत्ररामायणात वेगळी अट, रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं रचनेत क्रमाने गुंफायची.

मोठ्यांना हे कसरतीसारखं वाटतं. एकोणिसाव्या शतकापासून टीका झाली ती यावरच. ही कविता नाही, कारागिरी आहे, भावना कुठाय? पण एखाद्या दहा वर्षांच्या पोराला सांगून बघा की 'म' न वापरता आईबद्दल चार ओळी लिही. पाऊण तास ते जागचं हलणार नाही. 'पावसावर कविता लिहा' म्हटलं की तेच पोरगं पेन्सिल चावत बसतं. कोऱ्या कागदावर काहीही लिही म्हणण्यापेक्षा एक अट दिली की मन पटकन कामाला लागतं. जपानी हायकू जगभरच्या शाळांमध्ये पोचला तो यामुळेच, 5-7-5 एवढं सांगितलं की सुरुवात करता येते. मराठीत हायकू शिरीष पै यांनी रुजवला. आर्या तर आपल्या घरचीच.

दहा लाख मात्रांचं महाभारत

मोरोपंतांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आर्याभारत. अख्खं महाभारत, अठराच्या अठरा पर्वं, मराठी आर्यांमध्ये. आर्यांची संख्या सुमारे 17 हजार. एका आर्येच्या साठ मात्रा धरल्या तर हिशोब दहा लाखांच्या घरात जातो. दिवसा पुराण सांगायचं काम, संसार, आल्यागेल्याचं बघायचं आणि हे सगळं सांभाळून बोटांवर दहा लाख मात्रा.

यात सगळंच सोनं आहे असं नाही. कित्येक आर्या यमकासाठी ओढूनताणून आणलेल्या वाटतात, काही तर आज शब्दकोश घेतल्याशिवाय कळत नाहीत. पण युद्धाचे प्रसंग आणि पात्रांच्या तोंडची खडाजंगी आली की त्यांची आर्या धावते. छोटं माप, झटपट यमक, त्यामुळे संवाद टाळीसारखे वाजतात.

म्हणूनच ती कीर्तनकारांनी उचलली. कीर्तनात आख्यान सांगताना मध्येच एक आर्या टाकली की प्रसंग उभा राहतो आणि लोकांच्या लक्षातही राहतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी, लावणीतलं मोठं नाव, ते पुढे कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागले, असं परंपरा सांगते. वाड्यात बसून लिहिलेली विद्वानाची कविता शाहिराच्या तोंडून देवळाच्या ओट्यावर पोचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही आर्या पाठ होत्या त्या अशा.

आणि अवघड लिहिणं हाच मोरोपंतांचा एकमेव मार्ग नव्हता. घरातल्या बायकांना गाता यावं म्हणून त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीहरणगीत अशा सोप्या रचना केल्या. समोर कोण आहे हे बघून साचा बदलायचा, हे त्यांना कळत होतं. होळकरांच्या अहिल्याबाईंवरही त्यांनी लिहिलं.

मग आली केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर कवीने देवाला मारलेल्या हाका, म्हणून केकावली. उतारवयातली ही रचना आर्येत नाही, पृथ्वी वृत्तात आहे. तिथे ओळीला 17 अक्षरं आणि प्रत्येक अक्षर लघु की गुरू हे आधीच ठरलेलं. आर्येपेक्षा कितीतरी घट्ट चौकट. गंमत म्हणजे ज्यांना मोरोपंत कोरडे वाटतात, तेही केकावलीपाशी थांबतात. इथे देवाशी भांडण आहे, लाडीगोडी आहे, आपण कमी पडलो याचं दुःख आहे. आयुष्यभर ज्याने मात्रा मोजल्या, त्याला एवढ्या कडक मापातही मोकळं रडता आलं. माप हाताला इतकं सवयीचं झालं होतं की त्याच्याकडे बघायची गरज उरली नव्हती.

सज्जनांची संगत मिळावी असं मागणारा त्यातला श्लोक तर महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांमध्ये आणि घरांमध्ये प्रार्थना म्हणून म्हटला गेला. म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना तो बारामतीत लिहिला गेलाय हे माहितीच नव्हतं.

काशीयात्रा करून आल्यावरही मोरोपंतांचा मुक्काम बारामतीतच राहिला. 1794 साली चैत्र पौर्णिमेच्या सुमारास तिथेच ते वारले.

शाळेत गेले आणि अडकले

मोरोपंत पोरांपर्यंत पोचले ते मृत्यूनंतर साठ वर्षांनी. परशुरामतात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवींचे निवडक वेचे काढून 'नवनीत' नावाचं पुस्तक केलं, ते आलं 1854 मध्ये. इंग्रजी अमलातल्या शाळांमध्ये मराठी कविता शिकवायची तर पुस्तक हवं होतं, ती गरज नवनीतने भागवली. पिढ्यानपिढ्या पोरं मोरोपंत वाचू लागली. याच गोडबोल्यांनी 'वृत्तदर्पण' लिहून वृत्तांची ओळखही करून दिली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांनी केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' ही मोठी टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर निबंधमालेत मोरोपंतांच्या बाजूने उभे राहिले.

एवढी मोठी माणसं पाठीशी असून पोरांच्या मनातून मोरोपंत उतरले. कारण शाळेत त्यांचं झालं काय, तर अन्वय लावा, अर्थ लिहा, वृत्त ओळखा. परीक्षेत लघु-गुरूच्या खुणा करून वृत्ताचं नाव लिहिलं की मार्क मिळायचे. त्या वृत्तात स्वतःची एक ओळ करून बघ, असं सांगणारा शिक्षक क्वचितच असायचा. सायकलच्या सगळ्या भागांची नावं पाठ करून घ्यायची आणि सायकलवर बसू द्यायचं नाही, तसा हा प्रकार.

पुढे केशवसुतांपासून मराठी कविता बदलली, विसाव्या शतकात मुक्तछंद आला आणि मापाची कविता जुनाट ठरली. आज मराठीच्या पुस्तकात धड्याखाली यमक जुळणारे शब्द शोधा असा स्वाध्याय असतो. चांगला आहे, पण गाडी बहुतेक वेळा तिथेच थांबते. यमक म्हणजे ओळीचं शेवटचं टोक. त्याच्या आधीची अख्खी ओळ कशी चालवायची, हे कोणी सांगत नाही. म्हणून पोरांच्या कवितांमध्ये शेवटी 'छान-मान-पान' जुळतं आणि मधली ओळ कधी लांब, कधी आखूड होऊन अडखळते.

त्यावरचा उपाय मोरोपंतांच्या पाध्ये गुरुजींना माहिती होता. आधी मोजायचं, मग म्हणायचं, मग रचायचं. 12 मात्रांचा एकच तुकडा, तीन गट, पाचवीतल्या पोराला एका तासात जमेल एवढा. त्यात गावाचं नाव टाकायचं, नदीचं टाकायचं, आजीचं टाकायचं. 18 चा तुकडा दुसऱ्या दिवशी. पहिल्या-तिसऱ्या जागेचा नियम महिनाभराने सांगितला तरी चालतो, तोवर ओळ कुठे अडखळते ते कानाला कळायला लागलेलं असतं.

'कऱ्हा' तीन मात्रांची, 'नीरा' चारची, 'भीमा'ही चारची. बारामती आणि इंदापूरच्या पोरांकडे सुरुवातीला एवढं सामान पुरेसं आहे.